डॉक्टर खानसाहेब: सरहद्दीचा निवडून आलेला माणूस

भायखळ्याला जेजेच्या गेटातून आत आलं की हे ग्रँट मेडिकल कॉलेज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेशावरजवळच्या उत्मानझई गावातला एक पठाण मुलगा इथे डॉक्टरकी शिकायला आला होता. नाव अब्दुल जब्बार खान, पण पुढे ते कायमचे डॉक्टर खानसाहेबच झाले. त्यांचा धाकटा भाऊ आपल्या सगळ्यांना माहितीये, बादशाह खान म्हणजे सरहद्द गांधी. थोरल्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, आणि वायव्य सरहद्द प्रांताचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या खैबर पख्तुनख्वाचा, कारभार हातात घेऊन दाखवला तो तर या थोरल्यानेच.

मुंबईनंतर लंडन, सेंट थॉमस हॉस्पिटल. तिथेच नेहरूंशी ओळख झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जखमी सैनिकांवर उपचार केले, मग इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मर्दानला, गाइड्स रेजिमेंटचे डॉक्टर. म्हणजे विचार करा, गोऱ्या साहेबाच्या बरोबरीने मेसमध्ये बसणारा खानदानी घरातला पठाण, काही कमी नव्हतं. पण वझिरिस्तानातल्या पठाण टोळ्यांवर लष्करी कारवाई सुरू होती आणि यांना तिकडे पाठवायची ऑर्डर निघाली. ते म्हणाले नाही जाणार, आणि १९२१ मध्ये कमिशनचा राजीनामा देऊन पेशावरला स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली.

आता ही जुनी फिल्म नीट बघा. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून कळत नाही, पण रांगेत चाललेल्या या सगळ्यांचे शर्ट विटकरी लाल आहेत. हे खुदाई खिदमतगार, बादशाह खानांच्या अहिंसक संघटनेची माणसं, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले लाल डगलेवाले. कोणाच्याही हातात बंदूक नाही. ज्या मुलखात घरटी बंदूक असायची तिथली ही माणसं आहेत.

२३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्सा ख्वानी बाजार. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, वर लाकडी सज्जे, आणि निदर्शनाला जमलेल्या गर्दीत ब्रिटिशांनी चिलखती गाड्या घातल्या. गोळीबार झाला, माणसं पडत राहिली, पण मागची पुढे येत राहिली. गढवाल रायफल्सच्या जवानांनी, चंद्रसिंग गढवालींच्या तुकडीने, निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. त्या जखमींवर उपचार करायला धावले त्यात डॉक्टर खानसाहेब होते. नंतर काही दिवस पेशावर शहरात इंग्रजांची सत्ता जवळजवळ उरलीच नव्हती, आणि पुढच्याच महिन्यात आपलं सोलापूर पेटलं, तिथे मार्शल लॉ लागला. दोन टोकांची दोन गावं, पण वारं एकच होतं.

इथून डॉक्टर पूर्णपणे चळवळीत आले. १९३१ च्या शेवटी अटक झाली, पुढे हजारीबागचा तुरुंग. १९३४ च्या ऑगस्टमध्ये दोघे भाऊ सुटले ते एका अटीवर, की पंजाब आणि सरहद्द प्रांतात पाऊल टाकायचं नाही. मग जमनालाल बजाजांनी त्यांना वर्ध्याला बोलावून घेतलं. हे वर्धा. सकाळचं ऊन, कौलारू घरं, मोकळं आवार. सहा-साडेसहा फुटी धाकटे खान आणि शांत, नीटनेटके थोरले खान गांधीजींच्या सोबतीला इथे होते, महादेवभाई देसाईंनी दोघांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं ते याच काळात. डिसेंबरात बादशाह खानांना मुंबईतल्या एका भाषणाबद्दल वर्ध्यातूनच उचललं. आणि डॉक्टर? स्वतःच्या प्रांतात जायला बंदी असताना तिथल्या लोकांनी त्यांना केंद्रीय असेंब्लीवर निवडून दिलं होतं.

१९३७ च्या सप्टेंबरमध्ये ते प्रांताचे प्रीमियर झाले, म्हणजे आजचा मुख्यमंत्रीच. आणि काम काय केलं ते बघण्यासारखं आहे. नौबत चौकीदारा नावाची एक पद्धत होती, गावातल्या माणसाने दिवसभर शेतात राबायचं आणि पाळी आली की रात्रभर फुकट पहारा द्यायचा, ती बंद केली. ऑनररी मॅजिस्ट्रेट म्हणून मिरवणाऱ्या बड्या खानांची, म्हणजे जमीनदारांची, ती पदं काढून घेतली, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी कायदा आणला. स्वतः खान घराण्यातले असून खान मंडळींच्या विरोधात गेले, हे मला फार मोठं वाटतं. १९३९ ला युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा, १९४५ ला परत सत्ता, आणि १९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५० पैकी ३० जागा. मुस्लिम लीग देशभर जोरात असताना जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम असलेल्या या प्रांतात काँग्रेस जिंकली ती या दोन भावांमुळे. त्याच वर्षी नेहरू तिकडे गेले तेव्हा मलाकंडला गाडीवर दगड पडले, नेहरू आणि हे दोघे भाऊ, तिघांनाही लागलं.

तरी १९४७ ला काँग्रेसने फाळणी आणि सरहद्द प्रांतातलं सार्वमत दोन्ही मान्य केलं. भारत की पाकिस्तान एवढंच विचारायचं, पठाणांचा स्वतंत्र देश, पख्तुनिस्तान, हा पर्याय नाहीच. खुदाई खिदमतगारांनी बहिष्कार टाकला, मतदान ५१ टक्के, पाकिस्तानला २,८९,२४४ मतं, भारताला २,८७४. आम्हाला लांडग्यांच्या तोंडी दिलंत, असं बादशाह खान म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

पाकिस्तान होऊन आठवडा झाला आणि २२ ऑगस्टला विधानसभेत बहुमत असलेलं डॉक्टरांचं सरकार बरखास्त झालं. मग कैद. १९५४ ला ते केंद्रात मंत्री झाले, १९५५ ला पश्चिमेकडचे सगळे प्रांत एकत्र करून बनवलेल्या पश्चिम पाकिस्तानचे पहिले मुख्यमंत्री, आणि या एकत्रीकरणाच्या, म्हणजे वन युनिटच्या, विरोधात त्यांचा सख्खा भाऊ उभा राहिला. १९५७ ला पद गेलं.

९ मे १९५८, लाहोर. मुलाच्या घरच्या बागेत ते बसले होते, येणाऱ्या निवडणुकीच्या बैठकीला जायचं होतं आणि सोबत येणाऱ्याची वाट बघत होते. नोकरीवरून काढलेल्या एका तलाठ्याने त्यांना भोसकलं. उत्मानझईला दफन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्शल लॉ लागला, १९५९ च्या फेब्रुवारीत ठरलेली ती निवडणूक झालीच नाही, आणि पाकिस्तानात पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडलं.