माणसं किती आणि कामं किती?

नमस्कार. देशोदेशी रोजगाराचा हिशेब कसा मांडतात, हा आजचा विषय. पण आधी आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक गोष्ट सांगू द्या, माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

काजूचे दिवस होते. कसल्याशा पाहणीसाठी एक तरुण टॅबलेट घेऊन ओसरीवर बसलेला, घरातले काका उत्तरं देत होते. ‘काकी काय करतात?’ ‘ती? ती घरीच असते.’ मुलानं बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न घेतला. काकी त्या वेळी मागच्या बाजूला बोंडू, म्हणजे काजूची फळं, कोळंबीत तुडवत होत्या; कोळंबी म्हणजे ती तुडवायची जागा. पहाटे बागायतीत जाऊन बोंडू वेचायचे, बी पिळून काढायची, उन्हात घालायची, नीरो, म्हणजे बोंडूचा रस, भट्टीवर पोचवायचा. बी विकली जाते, त्या रसाची दारू, हुर्राक, तोही विकला जातो. (कुणी कुणी घेतलाय ते विचारत नाही, हात खालीच ठेवा.) पैसा घरात येतो, आणि कागदावर काकी ‘घरीच’!

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्या सरकारी श्रमबल पाहणीचा नियम काकींच्या बाजूचाच आहे. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी व्यक्ती ही कामगार, तिचा संकेतांक 21. फक्त घरकाम करणारीचा 92. दोहोंमधलं अंतर म्हणजे काकांचं एक वाक्य. ‘काम करता का?’ असं न विचारता ‘काल दिवसभर काय काय केलंत?’ असं काकींनाच विचारलं तर? 2019 च्या वेळ-वापर पाहणीत तसं विचारलं होतं, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासानं. मला ती पाहणी फार मोलाची वाटते.

याच श्रमबल पाहणीत 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 41.7 टक्के झाला. त्या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगाराचा, आणि घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतही त्यातच धरतात. म्हणून ‘नोकऱ्या वाढल्या’ असं मी म्हणणार नाही. आणखी एक बघा. आपल्याकडे आठवड्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं तरी साप्ताहिक हिशेबात माणूस कामावर धरतात. अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याचे आठवड्याला 15 तास भरावे लागतात. काकी त्याच, कोळंबी तीच, देश बदलला की आकडा बदलतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

घरोघरी विचारलं की माणसं मोजली जातात, कारखान्याचा पगारपट पाहिला की कामं मोजली जातात. दिवसा वेर्ण्याला कारखान्यात आणि रात्री कळंगुटला हॉटेलात राबणारा गडी माणूस म्हणून एक, कामं मात्र दोन. अमेरिकेत घरांची पाहणी त्याला एकदा मोजेल, आस्थापनांची दोनदा. दोन्ही आकडे खरेच असतात, आणि महिनोन्‌महिने लोक त्यावरून भांडतात. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्यानं 2017 पासून श्रमलेखा काढला. त्यात कामं, माणसं, तास आणि मोबदला हे चार भाग एकमेकांशी जुळवून ठेवतात. जर्मनीत देशात होणारी कामं आणि देशात राहणारे कामकरी असे दोन आकडे वेगवेगळे देतात, कारण सीमेपलीकडून रोज कामाला येणारे बरेच.

आता आपलं पाहा. दोडामार्ग, सावंतवाडीहून पहाटेच्या गाडीनं येणारी मुलं घरांच्या पाहणीत महाराष्ट्रात पडतात आणि हजेरीपटावर गोव्यात. ‘बाहेरच्यांनी नोकऱ्या नेल्या’ आणि ‘इथं माणसंच मिळत नाहीत’, ही दोन्ही भाषणं त्यामुळे बिनआकड्यांची होतात. गोव्याला हे दोन रकाने शेजारी शेजारी हवेत, आणि त्यासाठी सुरुवातीला नवी पाहणीही नको. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आहेत, घरांची पाहणी आहे. त्या एका कागदावर आणायला बसा, एवढीच माझी मागणी आहे.