युद्ध चालू असताना घटना बदलायची?

१८०४ नंतर साठ वर्षं अमेरिकेच्या राज्यघटनेत एकही दुरुस्ती झाली नव्हती. १८६४ साली, यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, एक पुढे आली: देशातली गुलामगिरी कायमची बंद. एप्रिलमध्ये सिनेटने ती ३८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केली. जूनमध्ये प्रतिनिधीगृहात मात्र ती आपटली. बाजूने ९३, विरोधात ६५. दोन तृतीयांश मतं जमली नाहीत.

विरोधक डेमोक्रॅट काय म्हणत होते? देशातून फुटून निघालेली दक्षिणेतली अकरा राज्यं सभागृहात नाहीत, त्यांच्या माघारी घटना कशी बदलता? आधी लढाई थांबू दे. ओहायोचे जॉर्ज पेंडलटन तर म्हणाले, गुलामगिरी हा राज्यांचा प्रश्न. तीन चतुर्थांश राज्यं एक झाली तरी तो अधिकार काढून घेता येणार नाही.

ऐकायला हे रास्त वाटतं. पण दक्षिणेच्या खुर्च्या रिकाम्या होत्या त्या दक्षिणेचे लोक आपणहून उठून गेले म्हणून. आणि ज्या सुमारे चाळीस लाख माणसांच्या बेड्यांचा फैसला व्हायचा होता, त्यांना तिथे खुर्ची कधी मिळालीच नव्हती. त्यांनी आणखी किती थांबायचं, याचं उत्तर विरोधकांकडे नव्हतं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा १८६३चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामाही पुरेसा नव्हता. तो युद्धकाळातला हुकूम होता, आणि उत्तरेच्या बाजूला राहिलेल्या केंटकीसारख्या राज्याला लागूच नव्हता.

३१ जानेवारी १८६५. पुन्हा मतदान. तेवढ्यात सभागृहात कुजबुज सुरू झाली, दक्षिणेचे दूत तहासाठी वॉशिंग्टनला येताहेत. तह होणारच असेल तर दुरुस्तीची घाई कशाला, म्हणून कुंपणावरचे सदस्य डळमळले. दुरुस्तीची धुरा वाहणाऱ्या जेम्स अ‍ॅशली यांनी घाईघाईने लिंकनना चिठ्ठी धाडली. उत्तर आलं: माझ्या माहितीप्रमाणे शहरात कोणी शांतिदूत नाहीत, येण्याची शक्यताही नाही.

अक्षरशः खरं! दूत निघाले होते, पण शहराकडे नाही, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट मन्रोकडे. ३ फेब्रुवारीला लिंकन स्वतः तिथे जाऊन बोटीवर त्यांना भेटले. ही शब्दांची कसरत होती, आणि माझ्या मते ती करणं भागच होतं.

दुरुस्ती मंजूर झाली, ११९ विरुद्ध ५६. हवी होती ११७. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले हेच लोक.)

पण दुरुस्ती लागू व्हायला तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. डिसेंबर १८६५ मध्ये ३६ पैकी २७ राज्यांची मान्यता पुरी झाली. लिंकन यांच्या जन्मभूमीने, केंटकीने, नकार दिला होता. तिची मंजुरी आली १९७६ साली. आणि ज्या अकरा राज्यांच्या गैरहजेरीवर सगळा विरोध उभा होता, त्यांतल्या आठ राज्यांची नावं त्या २७ मध्ये होती.