अंगणावरचा अनुस्वार

[दृश्य : सदाशिव पेठ, सकाळची वेळ. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि त्याच्याशेजारची लाकडी पाटी.]

सदाशिव पेठेतील या वाड्याच्या दिंडी दरवाजाशेजारी एक लाकडी पाटी आहे. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत तिच्यावर दोन वाक्ये रंगवलेली आहेत : दारात सायकल लावू नये. अंगण सार्वजनिक नाही. वाडा पुनर्विकासाला जाणार हे नक्की झाल्यावर मालकांनी नारायण पेठेतील एका लहानशा वास्तुविशारद कार्यालयाकडून त्याची मोजमापे घेतली, शेकडो छायाचित्रे काढून घेतली, आणि त्यांच्या आधारे चौक, ओसरी, माजघर, कडीपाटाची छते, खिडक्यांचे गज आणि कौले यांसह संपूर्ण वाडा संगणकात पुन्हा उभा राहिला. त्या वाड्यात फेरफटका मारण्यासाठी ७७ वर्षांच्या आजोबांना डोळ्यांवर बांधायचा, त्रिमितीय दृश्य दाखवणारा हेडसेट चढवण्यात आला. त्यांनी मान वळवून चारही बाजू पाहिल्या आणि ते म्हणाले, "वाडा आमचाच आहे, पण मोतीबिंदू काढण्याच्या आधीचा."

आजोबांची तक्रार खोटी नव्हती. पाटीवरच्या 'अंगण' या शब्दाचा अनुस्वार नाहीसा झाला होता, 'सार्वजनिक'चा रफार वरच्या ओळीत विरघळला होता, आणि मान जराशी हलली की माजघराच्या खिडकीचे गज उन्हाच्या झळांसारखे थरथरत होते. हेडसेट २०२३ साली आलेला मेटा क्वेस्ट ३ होता, संगणक नवा होता, आणि त्यातील ग्राफिक्स कार्डाला एका चांगल्या दुचाकीइतकी किंमत मोजलेली होती. मग चित्र धूसर का, या एकाच प्रश्नामागे आम्ही चार दिवस त्या कार्यालयात बसून होतो.

[दृश्य : पाटीपासून तीन मीटरवर टेप धरून उभी असलेली मुलगी.]

प्रथम अनुस्वाराचा हिशेब. पाटीवरचा हा ठिपका चार मिलिमीटर रुंद आहे. तीन मीटरवरून पाहिल्यास तो डोळ्यापाशी एका अंशाच्या तेराव्या भागाइतका कोन करतो. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशात साधारण ६० पिक्सेलांइतका (पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका) तपशील वेगळा करता येतो, असे मानले जाते. क्वेस्ट ३ प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल देतो, पण ते पिक्सेल दृष्टिक्षेत्राच्या मोठ्या भागावर पसरलेले असल्यामुळे एका अंशाच्या वाट्याला २५च्या आसपासच येतात. म्हणजे तीन मीटरवरच्या या अनुस्वाराला जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटांमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते. त्यांत या ठिपक्याला एक संपूर्ण पिक्सेलही मिळाला नसता. तेव्हा आपल्याजवळ दोनच पिक्सेल आहेत आणि ते वाटेत कुठेही सांडू द्यायचे नाहीत, असे धरून चालणे भाग होते.

वाट लांब आहे. ग्राफिक्स कार्ड चित्र रेखाटते, ते आकुंचित होऊन केबलमधून किंवा वाय-फायवरून हेडसेटकडे जाते, तेथे उलगडते, पडद्यावर उमटते, भिंगातून जाते आणि मग डोळ्यात शिरते. यांतील सर्वांत कच्च्या टप्प्यावर जेवढे उरते, तेवढेच पुढे पोहोचते. बहुतेक लोक दुरुस्तीची सुरुवात कार्डापासून करतात. आम्ही उलट दिशेने, डोळ्यापासून निघालो, कारण डोळ्याकडची दुरुस्ती बहुधा फुकटात होते.

[दृश्य : चष्म्याच्या दुकानातील चिठ्ठी, 'पीडी' या अक्षरांपुढे लिहिलेला आकडा.]

दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराला चष्मेवाले पीडी म्हणतात. प्रौढ माणसांत ते सरासरीने ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण माणसागणिक त्यात चांगलाच फरक पडतो. आजोबांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर ६० लिहिलेले होते आणि हेडसेटची भिंगे कार्यालयातील तरुणाच्या डोळ्यांना जुळवलेली, ६८ वर होती. प्रत्येक डोळा भिंगाच्या मध्यापासून चार मिलिमीटर बाजूला पडत होता. हेडसेटच्या खालचे चाक फिरवून भिंगे जवळ आणली, तेव्हा आजोबांनी प्रथमच मान डोलावली. त्यानंतर पट्ट्याची पाळी आली. पट्टा मागे कवटीच्या फुगीर भागाखाली बसला पाहिजे आणि हेडसेटचे वजन गालांवर येता कामा नये. हेडसेट दोन मिलिमीटर खाली सरकला तरी अक्षरांच्या कडा मऊ होतात. क्वेस्ट ३मधील पातळ 'पॅनकेक' भिंगांत स्पष्ट दिसण्याचा भाग बराच मोठा असल्याने ही चूक थोडीफार खपून जाते. जुन्या हेडसेटांतील फ्रेनेल भिंगांत ती खपत नाही. वर्तुळाकार पायऱ्या पाडून जाड भिंग पातळ करण्याची ही युक्ती ऑगस्तिन फ्रेनेल याने एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी परिपूर्ण केली होती. तेथे प्रकाश दूर फेकायचा असतो, अक्षर वाचायचे नसते, आणि म्हणूनच त्या पायऱ्यांवर विखुरणारा प्रकाश हेडसेटमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फराट्यांसारखा दिसतो.

भिंगे कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रावण लावू नये. पुण्यातील डिसेंबरच्या सकाळी थंड भिंगांवर चेहऱ्याच्या उबेने वाफ धरते, तेव्हा हेडसेट दहा मिनिटे आधी सुरू करून ठेवणे पुरेसे असते. याहून गंभीर धोका उन्हाचा आहे. कार्यालयाच्या पश्चिमेकडील खिडकीपाशी, भिंगे वर करून ठेवलेल्या एका जुन्या हेडसेटच्या पडद्यावर आम्हाला तांदळाएवढा पिवळट डाग दिसला. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, त्याला तो डाग कसा पडला हे समजावून सांगावे लागणार नाही.

एवढे झाल्यावर 'अंगण' वाचता येऊ लागले का? नाही. कडा सुधारल्या, अनुस्वार मात्र परतला नाही.

[दृश्य : संगणकाचा पडदा. हेडसेटला चित्र पुरवणाऱ्या स्टीमव्हीआर या प्रणालीतील रिझोल्यूशनची, म्हणजे चित्रातील पिक्सेलांच्या संख्येची पट्टी.]

आता केबलकडे वळू. व्हाइव्ह किंवा व्हॉल्व्ह इंडेक्ससारखे हेडसेट चित्राच्या केबलने थेट ग्राफिक्स कार्डाला जोडले जातात आणि त्यांना कार्डाने काढलेले चित्र तसेच्या तसे मिळते. क्वेस्ट ३ला तशी केबल लावता येत नाही. त्याच्याकडे यूएसबीने किंवा वाय-फायने व्हिडिओ पाठवला जातो, आणि तो आकुंचित केलेला असतो. दोन्ही डोळ्यांचे पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट रंग आणि सेकंदाला ९० चित्रे असा हिशेब केला, तर कच्चे चित्र सेकंदाला सुमारे २० गिगाबिट भरते. प्रत्यक्षात मात्र त्याला २०० ते ५०० मेगाबिटांत बसावे लागते, म्हणजे चाळिसातला किंवा शंभरातला एकच भाग शिल्लक राहतो. आकुंचन करणारी यंत्रणा हुशार असते आणि माणसाला सहसा न जाणवणारा तपशील ती आधी टाकून देते. पण कौलांच्या रांगा, दगडी जोत्याचा खरबरीतपणा आणि माजघरातला मंद अंधार यांचा तिला नेहमी त्रास होतो. अंधारात रंगांचे पट्टे दिसू लागले किंवा झाडाच्या पानांचा चिखल झाला, की दोष कार्डाचा नसून बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणाचा आहे असे समजावे.

कार्यालयातील केबल तपकीर गल्लीतून घेतलेली होती, पाच मीटर लांब आणि दिसायला दणकट. तपासणीत ती यूएसबी २ निघाली. यूएसबी २चा वेग कागदोपत्रीच ४८० मेगाबिटांवर थांबतो आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. यूएसबी ३चा वेग ५ गिगाबिटांपासून सुरू होतो. दोन्ही केबलींची टोके सारखीच दिसतात, त्यामुळे विकत घेताना 'डेटा केबल आहे का' एवढेच विचारून भागत नाही, कोणत्या पिढीची आहे हेही विचारावे लागते. केबल बदलली, मेटाच्या डीबग टूल या सेटिंग बदलण्याच्या साधनात बिटरेट ४०० मेगाबिट ठेवला, आणि कौले कौलांसारखी दिसू लागली. बिटरेट वाढवत गेल्यास चित्र उलगडायला हेडसेटला अधिक वेळ लागतो आणि मान वळल्यावर जग किंचित मागे राहते, म्हणून आम्ही पुढे गेलो नाही. वाय-फायवरही चांगले चित्र मिळते, मात्र त्यासाठी राउटर त्याच खोलीत असावा, संगणक त्याला तारेने जोडलेला असावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शक्यतो एकटा असावा. पेठेतल्या इमारतीत शेजाऱ्यांची वीस नेटवर्के दिसत असताना हा एकटेपणा कुठून आणायचा, हे आम्हाला ठाऊक नाही. आम्ही केबलवरच राहिलो.

[दृश्य : माजघराची खिडकी, गजांमधून चौक दिसतो.]

सर्वाधिक वेळ ग्राफिक्स कार्डाशी झगडण्यात गेला, आणि तो तेथेच जायला हवा होता. भिंग चित्राला वाकवते, म्हणून कार्डाला ते आधीच उलट दिशेने वाकवून द्यावे लागते, आणि या वाकवण्यात मधला भाग ताणला जातो. तो भाग ताणूनही स्पष्ट राहावा यासाठी मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठे काढावे लागते. व्हाइव्हच्या १०८० गुणिले १२०० पिक्सेलांसाठी स्टीमव्हीआर १५१२ गुणिले १६८० पिक्सेलांचे चित्र मागत असे, म्हणजे प्रत्येक बाजूने १.४ पट. हेच गुणोत्तर क्वेस्ट ३ला लावले, तर सेकंदाला ९० चित्रांच्या वेगाने कार्डाला दीडशे कोटींहून अधिक पिक्सेल रंगवावे लागतात. ४के पडद्यावर ६०च्या वेगाने खेळणाऱ्याच्या तिपटीपेक्षा हे काम जास्त आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्टीमव्हीआरच्या पट्टीवरचे टक्के एकूण पिक्सेलांचे असतात, बाजूच्या लांबीचे नसतात. पट्टी २०० टक्क्यांवर नेली, तर चित्राची रुंदी दुप्पट होत नाही, ती १.४ पटच होते. काम मात्र खरोखरच दुप्पट होते. त्यातच मेटाच्या प्रणालीत रिझोल्यूशन एकदा वाढवायचे आणि स्टीमव्हीआरमध्ये पुन्हा वाढवायचे, असा दुहेरी गुणाकार अनेकांच्या हातून घडतो. या कार्यालयातही तो घडला होता.

त्याचा परिणाम गजांवर दिसत होता. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रांच्या वेगाला, एका चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. कार्डाला १३ मिलिसेकंद लागले, तर चित्र दोन मिलिसेकंद उशिरा येऊन भागत नाही. प्रणाली वेग निम्म्यावर, ४५वर आणते आणि मधली चित्रे अंदाजाने स्वतः तयार करते. मोकळ्या आकाशात हा अंदाज खपतो. गजांसारख्या बारीक, एकसारख्या उभ्या रेषांवर तो चुकतो, एका गजाचे दोन होतात आणि त्यांच्या मागचा चौक पाण्यासारखा हिंदकळतो. आमचे मत असे की रिझोल्यूशन ठरवण्याआधी मिलिसेकंद मोजावेत, आणि सर्वांत अवघड जागी उभे राहूनही दहाएक टक्के वेळ हाताशी उरेल, तेथेच पट्टी थांबवावी. वाड्यासारख्या स्तब्ध दृश्यासाठी आम्ही आणखी एक तडजोड केली : चित्रांचा वेग (रिफ्रेश रेट) ७२ हर्ट्झवर आणला. त्यामुळे प्रत्येक चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळाले आणि ती सगळी वाढ रिझोल्यूशनच्या कामी आली. मोटारींच्या शर्यतीसाठी असे करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

गजांची थरथर तरीही पूर्ण गेली नव्हती. तिचे मूळ पिक्सेलच्या जाळीत आहे. गज एका पिक्सेलपेक्षा बारीक झाला की मानेच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो कधी या पिक्सेलात, कधी त्या पिक्सेलात पडतो. प्रतिकृतीत कडा गुळगुळीत करण्याची टीएए ही पद्धत लावलेली होती. ती मागील चित्रांची सरासरी घेऊन थरथर शमवते, पण हेडसेटमध्ये मान कधीच पूर्ण स्थिर नसते आणि त्या सरासरीत अक्षरेही पुसट होतात. तिच्याऐवजी एकाच चित्रात प्रत्येक पिक्सेलातील कडा अनेक ठिकाणी तपासणारे चारपट एमएसएए लावले. त्याने गजांच्या आणि तुळयांच्या कडा जागच्या जागी थांबल्या. जमिनीच्या फरशांसाठी अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६वर नेले. तिरकस पाहिलेला पृष्ठभाग त्यामुळे दूरवर रेखीव राहतो आणि कार्डावर भारही फारसा येत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंगे जुळलेली होती, केबल योग्य होती, चित्र वेळेत येत होते, गज उभे होते, आणि अनुस्वार अजूनही नव्हता.

[दृश्य : दरवाजाकडील भिंतीच्या छायाचित्राचा पट, संगणकावर मोठा करून.]

शेवटी वास्तुविशारद बाईंनी हेडसेट बाजूला ठेवला आणि साध्या पडद्यावर भिंतीची फाईल उघडली. छायाचित्रांपासून तयार झालेला भिंतीचा पट, म्हणजे प्रतिकृतीच्या भिंतीवर चिकटवायचे चित्र, ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेलांचा होता. त्रिमितीय प्रणालीत तो आणताना आयातीची मर्यादा २०४८ राहिली होती, आणि प्रणालीने कोणाला न विचारता तो प्रत्येक बाजूने चारपट लहान केला होता. पाटीच्या वाट्याला त्यातील बोटभर जागा आलेली. अनुस्वार कार्डापर्यंत पोहोचण्याआधीच पुसला गेला होता. पाटीपुरता स्वतंत्र पट कापून, मूळ आकारात पुन्हा जोडायला त्यांना वीस मिनिटे लागली.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. पीडी ६०वर आणून, पट्टा नीट बसवून ते पाटीसमोर तीन मीटरवर उभे राहिले. त्यांनी पहिले वाक्य मोठ्याने वाचले, दुसरेही वाचले, मग थोडे पुढे वाकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडून चूक झाली आहे. 'सार्वजनिक'मधला 'नि' पहिला असतो. तुम्ही दुसरी वेलांटी दिली आहे."

अक्षरे छायाचित्रातून जशीच्या तशी आली आहेत, आम्ही काहीच लिहिलेले नाही, असे बाईंनी सांगून पाहिले. आजोबांना ते पटले नाही. नारायण पेठेतून वाड्यापर्यंत चालत पाच मिनिटे लागतात. सगळे निघाले.

[दृश्य : दिंडी दरवाजा. आजोबा चष्मा वर सरकवून पाटीजवळ उभे आहेत. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरे. 'सार्वजनीक', दुसरी वेलांटी. मागे सायकलची घंटा.]