मलमवाले आणि कापणारे

श्रोतेहो, नमस्कार.

पाठीवरची गाठ दाखवायला आलेल्या एका काकांना मी म्हणालो, "छोटी शस्त्रक्रिया करून ही काढून टाकू." काका शर्टाची बटणे लावत उत्तरले, "डॉक्टर, तुम्ही मलम द्या. कापायचं काम सर्जनकडे करू." मला राग आला नाही. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे खरूज-नायट्यावर मलम लिहून देणारा आणि प्लास्टिक सर्जन म्हणजे नटनट्यांचे नाक सरळ करणारा, अशी दोन चित्रे आपल्याकडे पक्की बसली आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

प्लास्टिक सर्जन शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर आणखी तीन वर्षे शिकतो. भाजलेली कातडी, यंत्रात सापडलेला हात, कर्करोगानंतरचा जबडा हे त्याचे खरे क्षेत्र. त्वचारोगतज्ज्ञही तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढतो, चामखीळ आणि गाठी काढतो, कोडावर शस्त्रक्रिया करतो. मांडीच्या कातडीचे जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे गोल तुकडे काढून, भाताची रोपे लावावीत तसे ते डागात पाडलेल्या छिद्रांत बसवायचे, हे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. पण कोड पसरायचे थांबले आहे की नाही, हे आधी ओळखता आले नाही तर सगळी मेहनत वाया जाते.

पदवीची पाटी नसतानाही लोकांनी हात ओळखले आहेत. 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या एका कुंभाराने केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानासाठी त्याने मेणाच्या पातळ पत्र्यावर मापे घेतली आणि कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडवले.

आज मात्र पाट्या फार झाल्या आहेत. 'कॉस्मेटोलॉजिस्ट' ही आपल्याकडे वैद्यकीय शाखेची मान्य पदवी नाही, तरी तिच्यावर विसंबून लोक केस लावून घेतात. म्हणूनच 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशप्रत्यारोपणासाठी प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग यांसारखे औपचारिक शिक्षण हवे, आणि व्हिडिओ पाहून ही विद्या येत नाही, असे स्पष्ट केले. डॉक्टरांची पदवी कोणती आणि हीच शस्त्रक्रिया त्यांनी किती वेळा केली आहे, हे विचारताना संकोच करू नका; मला विचारलेत तरी मी रागावणार नाही.

काकांची गाठ वरवरची, चरबीची होती. बऱ्याच समजावणीनंतर ते तयार झाले आणि ती अर्ध्या तासात निघाली. टाके काढायला आले तेव्हा जाता जाता दारातून वळून म्हणाले, "आता तरी एखादं मलम लिहून द्या."