उन्हाळा पायवाटेवर काढू या

नमस्कार मंडळी,

मे महिना संपत आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा मुलांना कुठे न्यायचं? उत्तरंही भराभर येतात. ऑल्टन टॉवर्स, चेस्टरचं प्राणिसंग्रहालय, ब्लॅकपूल. चांगली ठिकाणं आहेत, मुलं तिथे रमतात, जरूर जा. मला मात्र आज पायवाटांबद्दल बोलायचं आहे. या देशाचा उन्हाळा खरा भेटतो तो पायवाटेवर, असं माझं ठाम मत आहे. आणि मँचेस्टरच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही वाट अगदी दाराशी आहे.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे दुपारी खिडक्या लावून घरात पडून राहायचे दिवस. डोंगर चढायचे ते पावसाळ्यात, नाहीतर थंडीत. इथे नेमकं उलट आहे आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. जूनच्या अखेरीला मँचेस्टरमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. मुलं शाळेतून आल्यावर, त्यांना काहीतरी खायला घालून साडेचारला निघालात तरी पाच तासांचा उजेड हाताशी असतो. शनिवारची वाट पाहायचीही गरज नाही.

आता पायवाट म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण मंडळात नव्याने आलेल्या अनेकांना हे माहीत नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैलांचे सार्वजनिक मार्ग आहेत. त्यातले बहुतेक खासगी जमिनीतून जातात: कुणाच्या शेतातून, कुणाच्या कुरणातून, कधी तर एखाद्या घराच्या अंगणाला लागून. तिथून चालायचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे. कुणाची परवानगी मागायची नाही, तिकीट काढायचं नाही. खांबावर पिवळा बाण दिसला की ती चालणाऱ्यांची वाट; निळा बाण असेल तर तिथून घोडे आणि सायकलीही जाऊ शकतात. ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेचा केशरी वेष्टनाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. आपल्या घराच्या भोवतीच्या हिरव्या रेघा एकदा मुलांना बोटाने दाखवायला सांगा. रोज गाडीने जातो त्या रस्त्याच्या मागे केवढं जग आहे, ते पाहून मोठेही चकित होतात.

पण हा हक्क फुकट मिळालेला नाही, आणि तो मिळवण्यासाठी जे झालं ते आपल्याच भागात झालं. पूर्वेला जो काळपट, सपाट माथ्याचा डोंगर दिसतो तो किंडर स्काउट. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तो माथा जमीनदारांच्या ताब्यात होता. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला, आणि राखणदार काठ्या घेऊन उभे. खाली मँचेस्टर, स्टॉकपोर्ट, शेफील्डमधले कामगार आठवडाभर धुरात राबायचे आणि रविवारी मोकळ्या हवेसाठी डोंगराकडे बघायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाजवळच्या बोडन ब्रिजच्या खाणीत काहीशे तरुण जमले. बेनी रॉथमन नावाच्या विशीतल्या मेकॅनिकने तिथे भाषण केलं आणि सगळे मिळून किंडरवर चढले. वर राखणदारांशी झटापट झाली. खाली उतरल्यावर पोलिसांनी धरपकड केली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने.

त्या शिक्षेने देशभर संताप उसळला आणि चळवळीने जोर धरला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, १९६५ मध्ये किंडरच्या पायथ्याच्या एडेल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारा २६८ मैलांचा पेनाइन वे हा पायी मार्ग खुला झाला. २००० च्या कायद्याने तर डोंगरमाथे आणि माळरानं वाट सोडूनही पायी फिरायला मोकळी केली. २००२ मध्ये त्या घटनेच्या सत्तराव्या वर्षी डेव्हनशरच्या ड्यूकने, तेव्हा किंडरचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. म्हणजे या देशात मराठी माणसं एकत्र येऊन मंडळ उभं करत होती, त्याच वर्षी इथले कामगार डोंगरावर पाऊल ठेवायला तुरुंगात जात होते.

आपला धागा याहून जुना आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकशरच्या गिरण्या चालवायला मुंबई बंदरातून कापसाच्या गासड्या लिव्हरपूलला येऊ लागल्या. त्यात खानदेश-वऱ्हाडचा कापूस होता. त्या गिरण्यांच्या धुराने किंडरच्या माथ्यावरचं शेवाळ मारलं आणि खालची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, काळी माती उघडी पडून वाहून जाऊ लागली. गेली वीसेक वर्षं तिथे पुन्हा शेवाळ लावायचं काम चालू आहे. वर चालताना एका बाजूला उघडा काळा चर आणि दुसऱ्या बाजूला नव्याने धरलेली हिरवळ दिसली, की ती थांबून नीट बघा. जूनमध्ये तिथे कॉटनग्रास या गवताचे कापसासारखे पांढरे तुरे वाऱ्यावर हलत असतात. विदर्भातून आलेल्या आपल्या एका काकूंनी ते पाहिले आणि खाली बसून बोटांनी चाचपून पाहिले. बराच वेळ त्या तिथून उठल्या नाहीत.

तर जायचं कसं? गाडी घरी ठेवा. उन्हाच्या रविवारी एडेल आणि कॅसलटनचे वाहनतळ सकाळीच भरतात आणि मग लोक अरुंद रस्त्यांच्या कडेला गाड्या लावतात. रुग्णवाहिका अडते, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडतो. मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डच्या मार्गावरची थांबत जाणारी गाडी पाऊण तासात एडेलला सोडते. स्टेशनातून गावात शिरलात की चर्च, मग ओल्ड नॅग्ज हेड हा पब. पेनाइन वे तिथूनच सुरू होतो. कुरणांमधून अपर बूथपर्यंत तासाभराची सोपी वाट आहे. वाटेत कुंपणावरून चढून उतरायच्या लाकडी पायऱ्या आणि एका वेळी एकच माणूस जाईल अशी फिरती फाटकं लागतात. मुलांना त्यातच मोठी मौज वाटते. लहान मुलं बरोबर असतील तर इथेच ओढ्याकाठी बसा, जेवा आणि परत फिरा. पुढे जायचं असेल तर जेकब्ज लॅडरचा दगडी चढ आहे आणि तो दम काढतो. वर किंडर लोच्या खांबाशी उंची ६३३ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटरची, तेव्हा सह्याद्रीत फिरलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण नुसत्या उंचीच्या आकड्यावर विसंबू नका. माथा सपाट आहे, खुणेचं झाड नाही, आणि धुकं दहा मिनिटांत उतरतं. नकाशा आणि होकायंत्र हवंच, आणि ते वापरता येणारा एक तरी माणूस बरोबर हवा. फोनची रेंज तिथे जाते. जुलैतसुद्धा पावसाचं जॅकेट पिशवीत ठेवा.

खाण्याचं मी सांगायला नको, पण एक सुचवतो. सँडविच उन्हात ओलं होतं. आपल्या दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी: प्रवासात टिकावं म्हणूनच हे पदार्थ आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या केले. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. वर वाऱ्यात बसून ती खाताना जी चव लागते ती घरच्या टेबलावर लागत नाही.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. त्यांच्याविषयी मला कळकळीने सांगायचं आहे. सहा महिन्यांचा व्हिसा, मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि दोघं खिडकीतून रस्ता बघत बसलेली. गुडघे दुखतात म्हणून आपण त्यांना डोंगराकडे नेत नाही. त्यांच्यासाठी पीक डिस्ट्रिक्टमधला मॉन्सल ट्रेल आहे. १८६३ मध्ये सुरू झालेला इथला लोहमार्ग १९६८ मध्ये बंद पडला. आता त्याच मार्गावर साडेआठ मैलांची सपाट वाट आहे. व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते, सायकली भाड्याने मिळतात. २०११ पासून जुने बोगदेही खुले आहेत. बाहेर कितीही ऊन असो, बोगद्यात शिरलं की गार झुळूक येते, भिंतीतून पाणी पाझरतं, दिवे लागलेले असतात आणि बोललेला शब्द लांबवर घुमतो. हेडस्टोनच्या बोगद्यातून बाहेर पडलात की थेट पुलावर येता आणि खाली वाय नदीचं वळण दिसतं. ज्यांनी बोरघाटातून रेल्वेने प्रवास केला आहे ते वडीलधारे इथे उभे राहून तासभर बोलत राहतात. निदान एकदा तरी त्यांना इथे आणा.

समुद्राचं थोडक्यात सांगतो, पण हे नीट ऐका. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मली यांचे १०० लोखंडी पुतळे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. भरतीला त्यातले कितीतरी पाण्याखाली जातात. मुलांना भरती-ओहोटी समजावायला याहून चांगली जागा नाही. फक्त दूरच्या पुतळ्यांपर्यंत चालत जाऊ नका, तिथे पाय रुतणारा चिखल आहे. कोकणातल्या मंडळींना वाटतं, समुद्र आम्हाला शिकवू नका. पण मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं, लिव्हरपूलजवळ आठ मीटरहून जास्त. सपाट वाळूवर ते मागून वेढा घालतं. निघण्याआधी भरतीची वेळ पाहा. पोहायचं तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच.

आणि धरणांच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका. उकाड्याच्या दिवसांत दरवर्षी या देशात तरुण मुलं अशी जातात, आणि त्यात चांगली पोहणारीही असतात. वरचं पाणी कोमट लागतं, खालचं बर्फासारखं असतं; त्या धक्क्याने श्वास अडकतो आणि पाणी नाकातोंडात जातं. चुकून पडलंच कुणी, तर हातपाय मारायचे नाहीत. पाठीवर पडून, डोकं मागे टाकून, कान पाण्यात ठेवून तरंगायचं, श्वास ताळ्यावर येईपर्यंत. हे मुलांना घरी गादीवर झोपवून शिकवा. समुद्रावर मदत हवी तर ९९९ ला कोस्टगार्ड मागायचा. डोंगरावर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. या पथकातली सगळी स्वयंसेवक मंडळी आहेत, आपली नोकरी-धंदा सोडून धावून येणारी.

आगीचंही तसंच. कणसं भाजायला आपण एकदा वापरून टाकायचा बार्बेक्यू नेतो. बागेत ठीक आहे, पण माळरानावर अजिबात नको. जून २०१८ मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थचं माळ पेटलं तेव्हा लोकांना घरं सोडावी लागली आणि सैन्य बोलवावं लागलं. पीटची माती जमिनीखालून धुमसत राहते, वरून विझली तरी. कणसं घरून भाजून, तिखट-मीठ-लिंबू लावून न्या.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मला खासगीत सांगितलंय, "तिथे सगळे गोरेच असतात, आपल्याकडे बघतात, अवघडल्यासारखं होतं." ही भावना खरी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांबद्दल सरकारसाठी केलेल्या ग्लोव्हर अहवालानेही हेच मान्य केलं, की ही उद्यानं आपल्यासाठी नाहीत असं अनेक समाजांना वाटतं. माझा अनुभव असा, की वाटेवर समोरून येणारा माणूस बहुधा स्वतःहून "मॉर्निंग" म्हणतो. कधी कुणी विचित्र बघतंही. तरी जायचं. पंढरीच्या वाटेने शतकानुशतकं चालत आलेल्या समाजाला चालायला कुणी शिकवायची गरज नाही, आणि या वाटांवर आपला हक्क इथे जन्मलेल्या माणसाइतकाच आहे. फाटक जसं होतं तसं पुन्हा लावा, वासरांसोबतच्या गायींपासून लांबून जा, कुत्रा असेल तर तो दोरीला बांधा. माळावर जुलैअखेरपर्यंत पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

मंडळाने यंदा जुलैतल्या एका रविवारी एडेलची सहल ठरवली आहे. अपर बूथपर्यंत सगळे जाऊ. पुढे चढायचं त्यांनी चढायचं, बाकीचे ओढ्याकाठी थांबतील. नावं बाहेरच्या टेबलावर नोंदवा. डोंगरात चालायचे बूट नसतील तर नावापुढे पायाचा नंबर लिहा. मुलांचे पाय वाढतात, चांगले बूट घरोघरी पडून असतात; ते आम्ही गोळा करतो आहोत, आणि लहान नंबरांचे तर आत्ताच पुष्कळ जमले आहेत. मोठ्या माणसांचे आठ आणि नऊ नंबरचे मात्र कमी पडताहेत. कुणाकडे असतील तर पुढच्या मंडळ-बैठकीला घेऊन या.