कोच बदलला की काय काय तुटतं

(लिंकन, नेब्रास्का इथल्या मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले बरेच काका-काकू समोर दिसताहेत, म्हणून आधी दोन शब्द खेळाबद्दल. इथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू घेऊन पुढे पळायचं किंवा पुढे फेकायचा आणि जमीन जिंकत जायची. आपल्या कबड्डीसारखाच अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. शनिवारी सकाळी किराणा दुकानापासून देवळापर्यंत सगळे लाल कपड्यांत का दिसतात, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात पडला असेल. त्याचं उत्तर शहराच्या मधोमध उभं आहे. नेब्रास्का विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत, आणि असे चारशेच्या वर सामने झाले. आत ८५ हजारांवर माणसं बसतात. म्हणजे सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर हे स्टेडियमच असतं. वीस लाखांच्या आसपासची वस्ती, एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचं, आणि म्हणून ते सगळ्यांचं.

मी १९९७ च्या ऑगस्टमध्ये शिकायला इथे आलो. आल्यावर पहिलं थंडीचं जाकीट घेतलं तेही लालच. टॉम ऑसबॉर्न यांचं कोच म्हणून ते शेवटचं वर्ष होतं, पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. नोव्हेंबरात मिझुरीविरुद्धचा सामना मी लॅबमधल्या मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिला. काही सेकंद उरलेले, सात गुणांची पिछाडी. चेंडू एकाच्या हातून निसटला, त्याच्या पायाला लागून वर उडाला आणि पहिल्या वर्षातल्या मॅट डेव्हिसनने जमिनीला लागायच्या आत झेलला. बरोबरी झाली, आणि जादा वेळेत ४५-३८ ने जिंकलो. त्या घरातले आजोबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. माझं नावही त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं. त्या मिठीपासून मी या संघाचा आहे, आणि आजही बोलतोय तो त्याच नात्याने.

आज विषय दिलाय कोच बदलण्याचा आणि मुलं आणण्याचा. इथे त्याला रिक्रूटिंग म्हणतात. लोक या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. माझं म्हणणं असं की ती एकच गोष्ट आहे. कोच बदलला म्हणजे मैदानाच्या कडेला उभा असलेला एक माणूस बदलला, एवढंच आपल्याला दिसतं. पण हा माणूस वर्ष-दोन वर्षं सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला असतो. मुलाच्या आईला त्याने शब्द दिलेला असतो. त्याला काढलं की त्या सगळ्या घरांशी जोडलेला धागा एका दुपारी तुटतो. नवा माणूस येऊन पहिल्यापासून विणायला घेतो, आणि पुष्कळदा त्याला विणायचं असतं वेगळंच कापड.

आमच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. ऑसबॉर्न यांचा खेळ होता ऑप्शनचा. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी, चेंडू घेऊन रांगेच्या कडेने पळतो आणि समोरचा बचावपटू काय करतो ते पाहून ऐन क्षणी ठरवतो, की स्वतः पळायचं की शेजारच्याकडे फेकायचा. याला दोन गोष्टी लागतात. एक, वाऱ्यासारखा पळणारा आणि डोकं शांत असलेला क्वार्टरबॅक. तो बाहेरून आणावा लागतो. टॉमी फ्रेझर फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनहून आला आणि १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं देऊन गेला. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे पाच दांडगे, चिवट गडी. हे मात्र घरचेच होते, मक्याच्या शेतांतून आणि गुरांच्या गोठ्यांतून आलेले. विद्यापीठाने १९६९ मध्येच बॉइड एप्ली या तरुणाला फक्त खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी पगारावर नेमलं होतं. तेव्हा देशात इतरत्र असं क्वचितच कुणी करत असे.

आणि मग वॉक-ऑन. हा शब्द लक्षात ठेवा, माझ्या मते नेब्रास्काचा आत्मा या शब्दात आहे. स्कॉलरशिप ठरावीक मुलांनाच देता येत असे. अनेक वर्षं ही मर्यादा ८५ ची होती. त्यापलीकडे जी मुलं स्वतःच्या पैशाने शिकायची आणि तरीही संघात घाम गाळायची, ती वॉक-ऑन. ऑसबॉर्न त्यांना मैदानाच्या कडेला उभं करून ठेवत नसत. एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चालवत, म्हणजे प्रत्येक मुलाला रोज खेळायला मिळे. ब्रेनार्ड नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथले जेफ आणि जोएल माकोविका हे भाऊ असेच आले, फुलबॅक म्हणून, म्हणजे वाट फोडत पळणारे दणकट गडी म्हणून खेळले, आणि जोएल पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत पोचला.

माझ्या जुन्या शेजाऱ्यांचा पुतण्या असाच वॉक-ऑन होता. चार वर्षांत त्याला प्रत्यक्ष सामन्यात मोजकेच क्षण मिळाले. पण त्या प्रत्येक शनिवारी त्याच्या गावाहून गाड्या भरून माणसं यायची. शेजारीणबाईंनी मला त्याच्या जर्सीचा फोटो दाखवला तो आपण मुलाच्या लग्नाचा फोटो दाखवतो तसा, दोन्ही हातांत धरून.

ऑसबॉर्न गेले आणि त्यांच्याच हाताखालचे फ्रँक सोलिच आले. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००१ मध्ये ओमाहाचा एरिक क्राउच हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकला. २००३ मध्ये संघ ९-३ असा होता, म्हणजे नऊ विजय, तीन पराभव. नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सोलिच यांना काढलं. ॲथलेटिक डायरेक्टरांचं, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रमुखांचं, म्हणणं असं होतं, की आपण सामान्य संघ होऊन बसणार नाही. नवा कोच मिळायला सहा आठवडे लागले. साइनिंग डे, म्हणजे मुलांनी सही करण्याचा दिवस, तेव्हा फेब्रुवारीत असायचा. डिसेंबर आणि जानेवारी हे घरोघर जाण्याचे महिने, आणि त्यांतला बहुतेक काळ आमच्याकडून दार वाजवायला मुख्य कोच नव्हता.

आले बिल कॅलहन, व्यावसायिक फुटबॉलमधून. त्यांचा खेळ फेकण्याचा. पळण्यासाठी निवडलेली मुलं आता फेकणाऱ्याच्या आखणीत उभी राहिली. २००४ मध्ये ५-६. सलग ३५ वर्षं चाललेली बोल सामन्यांची, म्हणजे हंगामानंतर चांगल्या संघांना मिळणाऱ्या खास सामन्यांची, मालिका खंडित झाली. १९६१ नंतर पहिल्यांदा हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. मी कॅलहन यांना दोष देत नाही. त्यांना मुलं आणता येत होती. ओरेगनच्या पोर्टलंडहून त्यांनीच एनडामुकॉन्ग सू याला आणलं. पण सू बहरला पुढच्या कोचच्या हाताखाली. २००९ मध्ये टेक्ससविरुद्ध त्याने एकट्याने साडेचार सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच आडवं केलं, आणि तरीही आपण १३-१२ असे हरलो. ती रात्र आठवली की अजून घशात आवंढा येतो. एकाने पेरलं आणि दुसऱ्याने कापलं, तेही फक्त अर्ध्या शेतातलं, कारण चेंडू पुढे नेणारी बाजू पुन्हा नव्याने उभी करावी लागत होती.

तो पुढचा कोच म्हणजे बो पेलिनी. सात वर्षं, आणि दरवर्षी नऊ किंवा दहा विजय. २०१४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने आपल्याविरुद्ध एका सामन्यात ४०८ यार्ड पळून काढले. महिना संपायच्या आत पेलिनी गेले. इथे मला एक कबूल करायचंय. त्या वेळी मीही म्हणत होतो की नऊ विजय पुरेसे नाहीत. ऑफिसात, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांशी वाद घालत होतो. माझं चुकलं होतं. पेलिनी निर्दोष होते असं मी म्हणत नाही. बाजूच्या रेषेवरचा त्यांचा राग मला कधीच आवडला नाही. पण नवव्या विजयावरून अकराव्यावर जायचं तर आहे त्यात दोन विटा वाढवायच्या असतात, आणि आपण पायापासून घर उकरलं. त्यांच्यानंतर माइक रायली आले. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव.

याच काळात आणखी एक मोठा बदल झाला होता. २०११ मध्ये आपण विद्यापीठ-संघांचा बिग १२ हा गट सोडून बिग टेन या गटात गेलो. पैशाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण टेक्ससमधले सामने गेले. टेक्ससमधल्या आईला पूर्वी सांगता यायचं, की तुमचा मुलगा दरवर्षी घराजवळ खेळायला येईल. ते वाक्य आपल्या तोंडून गेलं.

मग २०१८ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले. इथल्याच वुड रिव्हर गावचा मुलगा. मी आलो त्या १९९७ च्या वर्षी तोच आमचा क्वार्टरबॅक होता, आणि सेंट्रल फ्लोरिडाचा संघ १३-० करून तो घरी परतत होता. त्याच्या नेमणुकीच्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि बातमी ऐकत रडलो. पुढची कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. २०२१ मध्ये ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. ११ सप्टेंबर २०२२ ला, जॉर्जिया सदर्नशी घरच्या मैदानावर ४५-४२ असं हरल्यावर, त्याला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबलं असतं तर त्याला द्यायची दीड कोटी डॉलरची रक्कम अर्ध्यावर येणार होती. तीन आठवडेसुद्धा धीर धरवला नाही. तेवढ्या पैशांत किती मुलांची शिक्षणं झाली असती, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

काका-काकूंपैकी कुणी विचारेल, एवढं हरताय तर बदलायला नको का? बदलावं लागतं, कधीकधी. पण ऑसबॉर्न यांच्याकडे बघा. १९७३ मध्ये कोच झाले आणि पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून सलग हरले. गावात कुजबुज होतीच, की हा माणूस मोठा सामना जिंकू शकत नाही. १९७८ मध्ये अखेर १७-१४ असे जिंकले. त्याच हंगामानंतर कोलोरॅडोने त्यांना बोलावलं आणि ते जाऊन बघूनही आले. ते गेले असते तर? पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४ मध्ये, बावीसाव्या हंगामात. त्या बावीस वर्षांत कोच तोच राहिला आणि शाळांमधल्या कोचांशी तेच संबंध राहिले. ब्रेनार्डच्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत होतं, की नेब्रास्काला कसला फुलबॅक लागतो. तो तसा वाढत होता. हे वाढणं पैशाने विकत मिळत नाही.

आता मॅट रूल आहेत. मला त्यांच्याबद्दल आशा वाटते, आणि त्याला कारण आहे. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी २-१० आणि तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलरमध्ये पहिल्या वर्षी १-११ आणि तिसऱ्या वर्षी अकरा विजय. हा माणूस सावकाश बांधतो. इथे आल्याआल्या ते राज्यातल्या शाळाशाळांत फिरले, लहान गावांतल्या कोचांना भेटले. २०२३ मध्ये ५-७. २०२४ मध्ये ७-६, आणि आठ वर्षांनंतर पहिला बोल सामना, ज्यात बोस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवलं. त्या डिसेंबरच्या दुपारी न्यूयॉर्कच्या थंडीत मी आणि माझी मुलगी स्टँडमध्ये उभे होतो. तिच्या आयुष्यात तिला आठवणारा तो पहिलाच बोल विजय होता.

पण आजूबाजूचं जग बदललंय. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि संघ बदलल्यावर वर्षभर बसून राहावं लागत नाही. मला हे मुलांच्या बाजूने योग्यच वाटतं. कोट्यवधी डॉलरचा कोच हवा तेव्हा जाऊ शकत होता आणि मुलगा बांधलेला होता, हा अन्याय होता. तरी मन दुखतं. डिलन रायोला पहिल्यांदा ओहायो स्टेटला हो म्हणाला होता, मग जॉर्जियाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे वळला. त्याचे वडील डॉमिनिक याच मैदानावर सेंटर म्हणून खेळलेले. वाटलं, रक्ताचं नातं आहे, हा राहील. नोव्हेंबर २०२५ मध्ये यूएससीविरुद्ध पाय मोडला आणि डिसेंबरात त्याने नेब्रास्का सोडायचं ठरवलं. मला त्याचा राग आला नाही. वीस वर्षांचा मुलगा आहे, त्याचं भलं होवो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. स्कॉलरशिपची मर्यादा गेली. पण तिच्या जागी संघातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. १०५. आपल्या संघात दीडशेच्या आसपास मुलं असायची. ती वरची चाळीस-पन्नास मुलं कोण होती? तेच, मक्याच्या शेतातले. या मर्यादेचा फटका देशात सगळ्यांत जास्त कुणाला बसला असेल तर तो आपल्याला, आणि यावर आपल्या राज्यात जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. कोचच्या पगारावर तासन्‌तास चर्चा होते. मला वाटतं, उरलेल्या १०५ पैकी ठरावीक जागा गावाकडच्या मुलांसाठी राखाव्यात, असं आपण तिकीटधारकांनीच विद्यापीठाला लिहून कळवावं. मी लिहिलंय. पत्राचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय, ज्यांना सही करायची त्यांनी जरूर करा.

आणि रूल यांना किती वर्षं द्यायची, असं मला ऑफिसात दर सोमवारी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. २०२३ मध्ये त्यांच्या शब्दावर जी अठरा वर्षांची मुलं या गावात राहायला आली, त्यांतलं शेवटचं मूल पदवीचा झगा घालून बाहेर पडेपर्यंत तरी. तोवर कोच बदला म्हणणाऱ्या कुठल्याही कागदावर माझी सही मिळणार नाही. शनिवारी सकाळी अकराला सामना आहे. आम्ही आठ वाजता उत्तरेच्या पार्किंगमध्ये पोहे घेऊन उभे असतो. या.