गरम पिटो : पंखाखालची वीतभर नळी

[दृश्य: नवी मुंबई, रबाळे एमआयडीसीतला एक गाळा. लाकडी घोड्यांवर उलटा ठेवलेला विमानाचा पंख.]

पंख उलटा ठेवलाय, कारण आजचं सगळं काम त्याच्या पोटाकडून आहे. विमान दोन आसनी, ॲल्युमिनियमचं, हाताने बांधलेलं. त्याला सध्या साधी पिटो नळी आहे, पाव इंची, पुढे वाकवलेली. समोरची हवा तिच्या तोंडात दाबली जाते, तो दाब वेग दाखवणाऱ्या काट्यापर्यंत पोचतो आणि विमानाचा वेग कळतो. तिच्या जागी आता आतून तापणारी नळी येणार आहे.

कोकणावरून कमी उंचीवर उडणाऱ्याला बर्फाची भीती फारशी नाही. पावसाळ्यात इथे शून्य अंशाची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. हिवाळ्यात उत्तरेकडे गेलं, की तीच पातळी पुष्कळ खाली येते. ढगात नळीचं तोंड गोठलं आणि मागचं निचऱ्याचं भोक उघडं राहिलं, तर काटा शून्यावर पडतो. ते निदान लक्षात तरी येतं. दोन्ही बुजली तर आत दाब अडकतो आणि विमान चढेल तसा काटा वाढत जातो. वैमानिकाला वाटतं, वेग फार झाला. तो नाक आणखी वर खेचतो. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत नॉर्थवेस्टचं बोईंग ७२७ असंच पडलं. तिघे कर्मचारी गेले. नळ्या तापवायची सोय विमानात होती, पण ती चालूच केलेली नव्हती.

नळी विकत घेण्याआधी विजेचा हिशेब मांडावा. १२ व्होल्टची अशी नळी साधारण १० अँपिअर ओढते. या विमानाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचा जनरेटर पूर्ण फेऱ्यांवर जेमतेम २५० वॅट देतो, म्हणजे सुमारे १८ अँपिअर. रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), दिवे आणि जादा इंधन पंप एकदम चालू असले, की शिल्लक जवळपास संपते. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, इंजिनाच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा तर बॅटरीच खर्च होते. म्हणून ही नळी उड्डाणाच्या अगदी आधी चालू करायची आणि उतरल्यावर लगेच बंद. साठ अँपिअरचा अल्टरनेटर असलेल्या विमानाला ही चिंता नाही.

[दृश्य: पत्र्यावर आखणी.]

जागा इंजिनाच्या पंख्याच्या झोताबाहेर, मुख्य स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईला) लागून, दोन रिबांच्या (पंखाच्या आडव्या फासळ्यांच्या) मधे. नळीचं तोंड पंखाच्या पृष्ठाजवळच्या मंदावलेल्या हवेतून बाहेर, खाली आणि पुढे यायला हवं. दांडीसाठी पत्रा कापताना कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. कापल्याने गेलेली ताकद भरून काढायला आतून २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याचं, ०.८ मिलिमीटर जाडीचं ठिगळ रिव्हेटने बसवायचं. रिव्हेटच्या भोकाचं केंद्र कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवं. सगळ्या कडांची बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धारदार कड, कानशीने काढा, कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या. इथली हवा खाडीची, खारट. उघड्या कडेवर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

आता वायर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

स्विचपासून नळीपर्यंत पाच मीटर, परतीचे पाच. १४ गेजच्या (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड) दहा मीटर वायरमध्ये १० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट गळतो, १२ गेजमध्ये निम्म्याच्या जरा वर. फरक किरकोळ वाटेल, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: १३.८ ऐवजी १२ व्होल्ट पोचले, तर जवळजवळ पाव उष्णता गेली. म्हणून १२ गेज, टेफ्झेल या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाची. मुंबईच्या लोहार चाळीतल्या वीजसामानाच्या बाजारातली पीव्हीसी वायर घराला ठीक आहे. विमानात ती पेटली तर कॉकपिट धुराने भरेल. ब्रेकर, म्हणजे प्रवाह फार वाढला की तोडणारी कळ, १५ अँपिअरचा. स्विचवर डीसीची क्षमता छापलेली असावी, कारण एसीचा स्विच डीसी तोडताना आत ठिणगी धरून राहतो. परतीची वायर पंखाच्या पत्र्यावर सोडून द्यायचा मोह टाळा. तो सांधा गंजला, की नळी कोमट होते आणि कुणाला कळतही नाही.

नेमकं तेच कळायला हवं. स्विचला जोडलेला दिवा फक्त स्विचबद्दल सांगतो. दिवा प्रवाहावर चालला पाहिजे. साधा उपाय असा: चेंजओव्हर प्रकारच्या रीड स्विचभोवती (चुंबकत्वाने एका जोडावरून दुसऱ्यावर जाणारा छोटा स्विच) नळीच्याच वायरचे चार-पाच वेढे द्यायचे. प्रवाह वाहतोय तोवर पिवळा दिवा विझलेला. हीटर जळाला, वायर तुटली किंवा स्विच विसरला, तर पेटलेला. अमेरिकेत मोठ्या विमानांसाठी असा दिवा १९७८ मध्ये नियमात आला.

[दृश्य: प्लायवुडवर ठोकलेली इंग्रजी यू आकाराची नळी, शेजारी फूटपट्टी.]

दाबाच्या वाहिनीचा नळीलगतचा पहिला फूटभर भाग धातूचाच ठेवा. प्लॅस्टिक तिथे मऊ होऊन गळतं. मग गळतीची चाचणी. गवंडी लेव्हल काढतात तशीच ही सलाईनची नळी, पाण्यात दोन थेंब शाई. पिटोच्या तोंडाला रबरी नळी, तिला टी आकाराच्या जोडाने ही पाण्याची नळी जोडलेली, निचऱ्याच्या भोकावर टेप. रबरी नळीचं बंद टोक हळूहळू गुंडाळत जायचं. तोंडाने फुंकायचं नाही. ओलावा जातो आणि दाब एकदम वाढला तर काट्याचं यंत्र बिघडतं. पाण्याच्या पातळ्यांत १६५ मिलिमीटर फरक पडला, की काट्याने १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) दाखवावेत. ६० मिलिमीटरला ६० नॉट. आता नळी चिमटवून मिनिटभर थांबा. काटा उतरला तर बहुधा एखादा जोड सैल आहे. दाब सोडतानाही सावकाश.

टेप काढली? निचरा बंद राहिला, तर पाणी आत साचेल.

तापण्याची चाचणी जमिनीवर अर्धा मिनिट, फार तर एक. वाहत्या हवेशिवाय नळी भयंकर तापते, हात भाजतो, आणि नियंत्रण नसलेला हीटर जळूही शकतो. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो, थर्मोकपल, म्हणजे धातूला टेकवून तापमान मोजणारी तार, वापरा. त्याच वेळी नळीच्या जोडावर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आकडा कमी आला, तर कुठला तरी सांधा खराब होतोय.

कापडी टोपी या चाचणीआधी काढायची, नाहीतर ती नळीला चिकटते. विमान उभं असताना मात्र टोपी हवीच. कुंभारमाशी अशा भोकात मातीचं घर करते, आणि ती माती उष्णतेने निघत नाही.

जागा बदलल्यामुळे वेगातली चूकही बदलते. पहिल्या उड्डाणात, शांत हवेत, एकाच उंचीवर चार दिशांना जीपीएसचा वेग नोंदवून नवा तक्ता करावा लागेल. त्याआधी, अजून गाळ्यातच, ब्रेकर बाहेर ओढून स्विच चालू करायचा. पिवळा दिवा पेटलाच पाहिजे.